टक-टक... कोण आहे?

दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला माझी एक फिक्स ड्यूटी असायची. सगळी गँग तेव्हा एफसी रोडवर नाहीतर बाणेरच्या कुठल्यातरी नव्या कॅफेत पडीक असायची, आणि मी? मी सहकारनगरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बावीस वर्षांच्या एका गाडीवरचं कव्हर काढत असायचे. धूळ नाकात. मग दार उघडायचं, किल्ली फिरवायची, मोबाइलवर पाच मिनिटं मोजायची, गाडी बंद, कव्हर परत. शेवटी टोरंटोला व्हॉट्सअॅप कॉल. तिथे तेव्हा सकाळचे नऊ.

'चालू केलीस?'

'हो बाबा.'

'पटकन झाली?'

'हो बाबा.'

'बरं. ठेवतो.'

झाला आमचा बापलेकीचा संवाद. टोटल चाळीस सेकंद.

ही गाडी बाबांनी २००३ मध्ये घेतली. तेव्हा मी पहिलीत होते. घरातली पहिली फोर-व्हीलर म्हणून पेढे वाटलेले. पण खरं सांगायचं तर ती आईची गाडी. चाळिशीत क्लास लावून ड्रायव्हिंग शिकली, आणि नंतर बाबांना कधी स्टीअरिंगला हात लावू दिला नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये लिमलेटच्या गोळ्यांचा डबा कायम. २०२३ मध्ये आई गेली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दादा बाबांना टोरंटोला घेऊन गेला. 'थोडे दिवस' असं ठरलं होतं. थोडे दिवस म्हणजे किती, ते कुणीच विचारलं नाही. जाताना बाबांनी माझ्या हातात किल्ली दिली आणि एवढंच म्हणाले, 'आठवड्याला एकदा चालू कर. बंद पडू देऊ नकोस.'

आता तुम्ही म्हणाल, मग चालवायची ना सरळ! तर बॉस, लायसन्स माझ्याकडे आहे. पण लायसन्स मिळाल्यावर पंधरा दिवसांत मी सोसायटीच्याच गेटचा खांब घासला होता. तेव्हापासून आपली स्कूटर बरी. गाडी फक्त 'चालू' करायची, 'चालवायची' नाही. आज्ञाधारक मुलीसारखे मी नऊ महिने हे इमानेइतबारे केलं.

आणि जुलै २०२५ मधल्या एका रविवारी किल्ली फिरवली तर बॉनेटमधून आवाज. टक टक टक टक. कुणीतरी आत अडकलंय आणि दार वाजवतंय, असा. पाच मिनिटं थांबले. गेला नाही. दहा मिनिटं थांबले. तरी टक टक टक. वॉचमन मामा येऊन कान लावून गेले आणि 'गेलं वाटतं काम' म्हणाले. माझ्या पोटात गोळा.

त्या दिवशी फोनवर मी पहिल्यांदा खोटं बोलले. 'झाली बाबा पटकन. मस्त आहे.'

मेकॅनिक क्रमांक १, मेकॅनिक क्रमांक २

सोमवारी पहिल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने दहा सेकंद ऐकलं आणि निकाल दिला, 'टॅपेट वाजतायत मॅडम. सेटिंग करून देतो, दीड हजार.' मला काय कळतंय? पण पत्रकारितेची डिग्री घेतलीय ना, एक सवय लागलीय : पैसे देण्याआधी सेकंड ओपिनियन! दुसरा आला. त्याने पंधरा सेकंद ऐकलं. 'हेड खोलावं लागेल. अठ्ठावीस हजार धरा. नाहीतर मॅडम, आता काढूनच टाका. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे.'

काढूनच टाका. एवढं सोपं असतं?

त्या रात्री झोप नाही. अठ्ठावीस हजार हा माझ्यासारख्या फ्रीलान्सरसाठी छोटा आकडा नाही. पण त्याहून मोठं टेन्शन हे, की बाबांनी मागे ठेवलेली एकच गोष्ट माझ्यावर सोपवली होती आणि ती मी बिघडवली. नेमकं काय चुकलं तेच कळत नव्हतं. मी तर एक रविवार चुकवला नव्हता!

शेवटी पुढच्या रविवारी सगळं ओकले. बाबांनी ओरडायला हवं होतं. ते म्हणाले, 'व्हिडिओ कॉल लाव. बॉनेट उघड.'

पुढचा पाऊण तास आम्ही बोललो. पाऊण तास! मागच्या नऊ महिन्यांतला रेकॉर्ड.

टॅपेट म्हणजे काय रे भाऊ?

बाबांची आयुष्यभराची नोकरी पिंपरीतल्या मशीन शॉपमधली. त्यामुळे त्यांना समजावून सांगायला दाराचं उदाहरण लागतं. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, म्हणून शहाणा सुतार दार आणि चौकटीत थोडी फट ठेवतो. इंजिनाचंही तसंच. इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व असतात. त्यांना उघडतो तो कॅम नावाचा फिरता दांडा, आणि कॅम आणि व्हॉल्व यांच्यामधला दुवा म्हणजे टॅपेट. इंजिन तापलं की लोखंड वाढतं. मध्ये फट नसेल तर व्हॉल्व नीट बंदच होणार नाही. म्हणून जुन्या इंजिनांत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकी फट मुद्दाम ठेवतात. ती फीलर गेजने मोजायची आणि स्क्रूने सेट करायची. पद्मिनी टॅक्सी, मारुती ८००, सगळ्यांचा हाच फंडा. 'टॅपेट सेटिंग' हा शब्द मेकॅनिकच्या तोंडात बसलाय तो तिथूनच.

पण काही इंजिनांत ही फटच नसते. तिथे टॅपेटच्या पोटात तेलाची उशी असते. याला म्हणतात हायड्रॉलिक टॅपेट किंवा हायड्रॉलिक लिफ्टर. आत एक छोटा प्लंजर, त्याखाली स्प्रिंग, आणि तेल आत येऊ देणारा पण परत जाऊ न देणारा एक बारीकसा व्हॉल्व. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे ती उशी लोखंडासारखी घट्ट उभी राहते. इंजिन गरम झालं, गार झालं, पार्ट थोडे झिजले, तरी उशी आपोआप हवी तेवढी कमी-जास्त होते. फट नाही म्हणजे आवाज नाही. ही काही आजकालची आयडियाही नाही. १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ या राजेशाही गाडीत ती होती, इंजिनाचा आवाज मालकाच्या कानाला टोचू नये म्हणून. आपल्याकडे स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा गाड्यांत बसलेलं आणि पुण्याशेजारी रांजणगावला बनलेलं ते १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन, त्यातही हायड्रॉलिकच.

'आणि आपल्या गाडीतही हायड्रॉलिकच आहेत,' बाबा म्हणाले. 'त्यात सेट करायला स्क्रूच नाही. तो दीड हजारात काय सेट करणार होता, विचार त्याला.'

आईशप्पथ, त्या क्षणी मला बाबांचा असला अभिमान वाटला!

मग वाजतात का?

गाडी उभी राहिली की दोन गोष्टी होतात. एक, तेल वरून खाली उतरून संपमध्ये जमा होतं. दुसरी, इंजिन ज्या स्थितीत थांबतं त्यात काही व्हॉल्व अर्धवट उघडे असतात. त्यांची दणकट स्प्रिंग त्या टॅपेटला सतत दाबत राहते. इंजेक्शनची सिरिंज तोंड बंद करून खूप वेळ दाबून धरली तर थेंबथेंब पाझरेलच ना? तसं उशीतलं तेल हळूहळू पाझरतं आणि टॅपेट बसतो. पुढच्या वेळी गाडी चालू केली की तिथे फट. फट म्हणजे ठोका. व्हॉल्व दर दोन फेऱ्यांना एकदा उघडतो, म्हणजे इंजिन ८०० च्या आयडलला असेल तर एकेक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा टक म्हणणार. सेकंदाला सहा-सात. अगदी तोच माझा आवाज!

'हे नॉर्मल आहे,' बाबा म्हणाले. 'महिनाभर उभी गाडी काही सेकंद, फार तर मिनिटभर वाजते. तेल वर चढलं की गप्प. आपली गप्प होत नाही, म्हणजे टॅपेट भरत नाहीये. म्हणजे तेल घाण आहे. डिपस्टिक काढ.'

काढली. काळं कुळकुळीत. 'आता तेल भरायचं झाकण उघड आणि खालून बघ.' बघितलं. झाकणाच्या पोटाला पांढरट-पिवळा, मलईसारखा थर.

बाबा गप्प. मग म्हणाले, 'कूलंट कमी झालंय का?' टाकी बघितली. जिथल्या तिथे होतं. त्यांनी सुस्कारा सोडला. कूलंट कमी होत असतं तर हेड गॅस्केटची शंका होती, तो खरा मोठा खर्च. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. 'तू गाडी चालू करून किती वेळ ठेवायचीस?'

'पाच मिनिटं.'

'आणि चालवायची नाहीस.'

'नाही.'

मंडळी, इथे माझी विकेट पडली. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी पिस्टनच्या बाजूने खाली तेलात उतरते. गार इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोलही तेलात उतरतं. गाडी रस्त्यावर अर्धा तास नीट पळाली की तेल तापतं आणि हे सगळं उडून जातं. पण पाच मिनिटांत? तेल कोमटसुद्धा होत नाही. म्हणजे मी दर रविवारी इंजिनाला चमचाभर पाणी पाजत होते. त्या पाण्याने आणि पेट्रोलने तेल खराब होतं, आम्ल तयार होतं, चिकट थर धरतो. आणि टॅपेटच्या आतल्या फटी इतक्या बारीक, की थोडासा चिकटपणाही पुरतो. प्लंजर अडकतो, नाहीतर तो छोटा व्हॉल्व नीट बसत नाही. उशी भरतच नाही.

थोडक्यात, गाडी नऊ महिने नुसती उभी राहिली असती तर बरं झालं असतं. माझ्या काळजीनेच ती बिघडली.

मी रडकुंडीला आले. आणि बाबा म्हणाले, 'चूक माझी. चालू कर म्हणालो. चालव म्हणायला हवं होतं. तेलही जायच्या आधी बदलायला हवं होतं. तुझी आई आजारी पडली त्या आधी बदललेलं, त्यानंतर लक्षच गेलं नाही.'

आईबद्दल त्यांनी फोनवर काही बोलण्याची ती पहिली वेळ.

ऑपरेशन खेड-शिवापूर

इलाज एकदम सिम्पल निघाला. हेड नाही, सेटिंग नाही. नवीन तेल, नवीन ऑइल फिल्टर, आणि गाडी चालवायची. तिसऱ्या मेकॅनिक काकांनी ऐकून मान डोलावली. फक्त ते म्हणाले, 'जरा जाड तेल टाकू, आवाज दबेल.' बाबांनी टोरंटोहून व्हीटो वापरला : जाड तेल गार इंजिनात वर चढायलाच वेळ लावतं, आवाज दबला तरी दुखणं तसंच. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ग्रेड. आणि फिल्टर चांगल्या कंपनीचा, कारण त्यात एक रबरी पडदा असतो, इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं तेल परत खाली जाऊ न देणारा. तो पडदा दगा देत असेल तर दर सकाळी कोरडा स्टार्ट.

राहिला प्रश्न चालवायचा. काका म्हणाले, मी नेतो. बाबा म्हणाले, 'तू ने.'

पुढच्या रविवारी सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, मी आईच्या सीटवर बसले. सीट मागे-पुढे करावी लागली नाही. आमची उंची सारखीच. काका शेजारी. हात थरथरत होते. गेटचा तो खांब श्वास रोखून पार केला. स्वारगेट टाळून कात्रज, मग नवा बोगदा. गिअर चौथा, आरपीएम दोन-अडीच हजारांवर स्थिर, कारण अशा वेगात तेलाचा दाब चांगला राहतो आणि टॅपेटमधली अडकलेली हवा निघून जाते. टक टक चालूच होती. पण बोगद्यात खिडकीची काच खाली घेतली आणि मला वाटलं, आवाज कमी झालाय. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज खोटं बोलत नाही. गर्दीतले बहुतेक जण निघून गेले होते, एकच कुणीतरी दार वाजवत उभा होता.

खेड-शिवापूरच्या टोलनाक्याअलीकडून परत फिरलो. दुसऱ्या रविवारी तोच एकटा, पण हळू. तिसऱ्या रविवारी मी काकांशिवाय गेले. परत येताना बोगद्यात काच खाली घेतली. काहीच नाही. नुसतं इंजिन. तीनशे किलोमीटर झाल्यावर तेल आणि फिल्टर पुन्हा बदललं, आतली उरलीसुरली घाण निघून जावी म्हणून. दोन्ही वेळचा खर्च मिळूनसुद्धा अठ्ठावीस हजारांच्या जवळपास गेला नाही.

ऑनसाइट जाताय? हे फंडे पाठ करा

तुमच्यापैकी निम्मे जण कधी ना कधी वर्ष-दोन वर्षं बाहेर जाणार. गाडी आईबाबांच्या पार्किंगमध्ये राहणार. तेव्हा :

जायच्या आधी तेल आणि फिल्टर बदला. 'आल्यावर बदलू' नको. घाण तेल वर्षभर इंजिनात बसवून ठेवायचं नसतं. बदलल्यावर अर्धा तास गाडी फिरवून आणा, म्हणजे स्वच्छ तेल कानाकोपऱ्यात पोहोचेल.

टाकी भरून ठेवा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीत हवा कमी तर ओलही कमी. खूप महिने उभी राहणार असेल तर फ्युएल स्टॅबिलायझर टाका.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त. हँडब्रेक सोडा (चिकटतो), गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा. कव्हर कापडी, हवा खेळणारं. प्लास्टिकच्या कव्हरखाली आपल्या पावसाळ्यात गाडीला बुरशी येते. आणि ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा! आईच्या लिमलेटच्या डब्यापायी उंदरांनी आमची एक वायर कुरतडली, ते वेगळंच.

आणि मुख्य फंडा : एक तर गाडी अजिबात चालू करू नका, नाहीतर दोन-तीन आठवड्यांतून एकदा नीट वीस-पंचवीस किलोमीटर चालवायला सांगा. पाच मिनिटांचं मधलं पुण्यकर्म नको.

परत आल्यावर थेट स्टार्ट मारू नका. डिपस्टिक बघा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि पाच-पाच सेकंद तीन-चारदा नुसतं क्रँक करा, म्हणजे पेटायच्या आधी तेल वर चढेल. मग फ्यूज लावून स्टार्ट. लगेच रेस करू नका. तेलाचा लाल दिवा विझला नाही तर ताबडतोब बंद. दिवा विझला आणि टकटक आहे, तर घाबरू नका, चालवून आणा. अर्ध्या-पाऊण तासाच्या ड्राइव्हनंतरही आवाज तसाच असेल, तर मेकॅनिक. आणि तो 'सेटिंग' म्हणाला तर आधी विचारा, स्क्रूचे की हायड्रॉलिक? चेहरा बघण्यासारखा होतो.

परत साडेसहा

आता रविवारचा कॉल पार्किंगमधून होत नाही, ड्राइव्ह संपल्यावर होतो. आणि चाळीस सेकंदांत संपत नाही. मध्ये एकदा बाबा म्हणाले, 'फोन बॉनेटजवळ धर.' धरला. ते बराच वेळ ऐकत राहिले. 'काहीच वाजत नाही,' ते म्हणाले. मग जरा थांबून, 'बरं झालं. तू चालवतेयस, आता मला यायची तशी घाई नाही.'

हे मला सुचलंच नव्हतं. आतापर्यंत त्यांना परत यायला गाडी हे एक कारण होतं, आणि मी ते दुरुस्त करून टाकलं होतं. क्षणभर वाटलं, म्हणावं, 'नाही बाबा, परत टकटक येतेय.' जिभेवर आलंही होतं. पण एकदा खोटं बोलून झालं होतं.

'गाडी मस्त आहे,' मी म्हटलं. 'पण उभी वस्तू खराब होते, तुम्हीच सांगितलंत. तुम्हीही तिकडे फार दिवस उभे राहू नका.'

पलीकडे शांतता. मग त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज.

'बघतो,' बाबा म्हणाले. 'आणि मार्चमध्ये तेल बदल. विसरशील.'

ज्यांच्या घरी असे बाबा आहेत त्यांना माहितीय, 'बघतो' म्हणजे 'नाही' नव्हे. तेव्हा मी कॅलेंडरवर मार्चला गोल केलाय, एअरपोर्टचा रस्ता गर्दी नसताना दोनदा चालवून बघितलाय, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये लिमलेटचा नवा डबा ठेवलाय.

घट्ट झाकणाचा.